खिदिरपूरच्या आसमंतातील तीन बागा

सुट्टी लागली की एखाद्या उष्ण, हिरव्यागार प्रदेशात जावे, तेथील रानातले पशुपक्षी पाहावेत, आपल्याकडे न उगवणारी झाडेझुडे न्याहाळावीत, ही हौस आज आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. मुंबई-पुण्याकडचा नोकरदार गृहस्थ सवड काढून ताडोब्यास जातो, कोणी सुंदरबनात नावेतून हिंडून येतो, कोणी सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत मजल मारतो. परत आल्यावर शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘वाघ दिसला का?’ हाच. या हौसेत गैर काही नाही. पण ती आपल्याला वाटते तितकी जुनी मात्र नाही. वन्य पशू निवांतपणे, जवळून पाहणे ही फार मोठा काळ राजेरजवाड्यांची मिरास होती. सामान्य माणसाने पाहावयाचे ते गारुड्याच्या टोपलीतला नाग आणि दरवेशाचे अस्वल. ही मिरास सामान्यांच्या हाती कशी आली, त्या बदलात काय साधले आणि काय निसटले, हे एकाच ठिकाणी उभे राहून पाहावयाचे असेल, तर कोलकात्याच्या खिदिरपूर भागाइतकी सोयीची जागा दुसरी सापडणे कठीण.

खिदिरपूर हुगळीच्या पूर्व तीरावर आहे. टॉलीचा नाला म्हणून ओळखला जाणारा आदिगंगेचा प्रवाह येथेच नदीला मिळतो. नावाड्यांचा कैवारी जो ख्वाजा खिज्र त्याच्यावरून हे नाव पडले असे काहीजण मानतात. काहीजण येथे जहाजे बांधणाऱ्या किड घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स किड याच्या गोदीत बांधलेली जहाजे खोल समुद्रात जात असत, आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात येथे मोठी बंदरगोदी झाली. तेव्हापासून हा भाग खलाशी, हमाल, कारकून आणि व्यापारी यांचा आहे. रम्य उद्यानांची आठवण व्हावी असे येथे वरवर काही नाही. परंतु खिदिरपूर मध्यबिंदू धरून नकाशा पाहिला तर असे दिसते की पूर्वेस लागूनच अलीपूरची प्राण्यांची बाग आहे, नैर्ऋत्येस नदीकाठाने गेल्यास मटियाबुर्ज लागते, आणि नदीच्या पैलतीरी शिबपूरचे वनस्पती-उद्यान आहे. दोन-तीन कोसांच्या टापूत तीन बागा. एक कंपनी सरकारच्या हिशेबी बुद्धीतून निघाली, दुसरी एका पदच्युत राजाने मांडली आणि तिसरी लोकांसाठी म्हणून उभारली गेली.

यातील सर्वांत जुनी बाग शिबपूरची. तिच्या जन्माची कथा दुष्काळापासून सुरू होते. इ. स. १७७० च्या सुमारास बंगालवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्याला बंगाली सनावरून ‘छियात्तरचे मन्वंतर’ म्हणतात. त्यात प्रांताची एकतृतीयांश वस्ती नष्ट झाली असा अंदाज त्या काळच्या राज्यकर्त्यांनीच केला होता. कंपनीच्या लष्करातील कर्नल रॉबर्ट किड याच्या मनावर या संकटाचा परिणाम झालेला होता. १७८६ साली त्याने सरकारपुढे एक योजना मांडली. तीत म्हटले होते ते थोडक्यात असे, की दुर्मिळ झाडांचा केवळ नवलाईसाठी संग्रह करावा हा हेतू नाही. येथील लोकांना आणि ग्रेट ब्रिटनला ज्यांचा उपयोग होईल अशा वनस्पतींची रोपे तयार करून ती सर्वत्र पसरवावीत, आणि त्यातून व्यापाराचीही वृद्धी व्हावी. सागूसारखी दुष्काळात उपयोगी पडणारी झाडे त्याच्या डोळ्यांपुढे होती, तसेच जहाजांसाठी साग आणि डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी मसाल्याची झाडेही होती. लोकांची भूक आणि कंपनीचा नफा या दोहोंची सांगड एकाच अर्जात घातलेली होती. अर्ज मंजूर झाला आणि १७८७ साली उद्यानाची स्थापना झाली.

किड १७९३ साली वारला. त्याची बरीचशी अपेक्षा फसली. बंगालच्या हवेत जायफळ-लवंग यांनी मूळ धरले नाही. हुगळीकाठच्या चिखलमातीत सागही म्हणावा तसा वाढला नाही. बाग बंद पडण्यास एवढे कारण पुरेसे होते. ती तगली याचे श्रेय किडच्या मागून आलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांना द्यावे लागते. त्यांनी भारतातील वनस्पतींची पद्धतशीर वर्णने लिहिली आणि येथील चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. प्रत्येक पान, प्रत्येक केसर मोजून रंगविलेली ही चित्रे आजही अभ्यासकांना आधारभूत वाटतात. ज्यांनी ती रंगविली त्या बहुतेक चित्रकारांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

रॉक्सबर्ग यांचे काम छापून प्रसिद्ध करण्यात श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीचा मोठा वाटा होता. मराठी वाचकास कॅरी परका नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापणारा हाच तो मिशनरी. त्या कामी त्यास वैजनाथ पंडिताचे साहाय्य होते. एकीकडे मोडी ठसे पाडून मराठी शब्दांचा संग्रह छापावा आणि दुसरीकडे हिंदुस्थानातील झाडांची यादी छापावी, हे दोन्ही उद्योग एकाच छापखान्यात चालले होते. परक्या मुलखाची शब्दसंपत्ती आणि वृक्षसंपत्ती यांची मोजदाद करण्याची ती एकच वृत्ती होती. तिच्यामागे राज्य चालविण्याची गरज होती हे खरे. पण मोजदाद नीट झाली म्हणून ती राज्य संपल्यावरही आपल्या कामास येते, हेही तितकेच खरे.

शिबपूरला जाणारा प्रवासी आज मुख्यतः पाहतो तो तेथील महावटवृक्ष. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याला जबर हादरा दिला. पुढे बुंध्याला बुरशीची कीड लागली आणि १९२५ साली मूळ खोडच तोडून काढावे लागले. तरीही झाड जिवंत आहे. तीन हजारांहून अधिक पारंब्या जमिनीत रुतून त्यांचेच खांब झाले आहेत आणि दुरून पाहणाऱ्यास ते एक अरण्यच वाटते. मे २०२० च्या अंफान वादळातही त्याची हानी झाली, पण ते टिकले. या उद्यानास आता आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे.

वनस्पतींचा संग्रह सरकारला परवडणारा होता, कारण त्यातून काही उत्पन्नाची आशा तरी होती. वाघ-सिंह पाळण्यात तसा कोणताच लाभ नव्हता. ती सत्ताधीशांची हौस. आपल्याकडे पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. अल्पवयीन पेशव्याला प्राण्यांची फार आवड आणि इंग्रज वकील मॅलेट यालाही तो शिकारखाना पाहण्याचे कौतुक होते. सत्ता इंग्रजांकडे गेली तेव्हा हौसही त्यांच्याकडे गेली. ज्या लॉर्ड वेलस्लीने १८०३ साली मराठ्यांशी युद्ध केले, त्यानेच कलकत्त्याच्या उत्तरेस बराकपूर येथे गव्हर्नर जनरलच्या उपवनात पशुशाळा थाटली. हिंदुस्थानातील प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा यासाठी १८०४ साली एक संस्थाही काढली आणि फ्रान्सिस बुकॅनन याच्या हाती ती सोपविली. परंतु वेलस्ली आणि बुकॅनन दोघेही १८०५ मध्ये मायदेशी परतले, आणि अभ्यास मागे पडून पशुशाळा तेवढी उरली. पुढची सत्तर वर्षे गव्हर्नर जनरलांचे पाहुणे आणि कलकत्त्याहून सहलीस येणारी मंडळी तेथील गेंडे, चित्ते आणि पक्षी पाहून मन रमवीत राहिली.

दुसरी बाग मटियाबुर्जची. ती आज अस्तित्वात नाही. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवधचे राज्य खालसा केले. नबाब वाजिद अली शाह दाद मागण्यासाठी कलकत्त्यास आला आणि १८५७ च्या उठावात त्याला फोर्ट विल्यममध्ये अटकेत ठेवण्यात आले. सुटका झाली तेव्हा लखनौ कायमचे दुरावलेले होते. मग वर्षाकाठी बारा लाखांच्या तनख्यावर त्याने खिदिरपूरच्या पलीकडे नदीकाठी आपले लखनौ पुन्हा उभे करण्याचा घाट घातला. इमामबाडे झाले, महाल झाले, ठुमरीच्या मैफली झाल्या आणि एक अवाढव्य पशुशाळाही झाली. ज्यांचे बालपण मटियाबुर्जमध्ये गेले ते उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी तिचे वर्णन करून ठेवले आहे. हजारो कबुतरे, उघड्या कुरणातून हिंडणारी हरणे, पाण्याच्या हौदांभोवती वावरणारे पक्षी, आणि सापांसाठी बांधलेली एक कृत्रिम टेकडी. रेशमी पंखांच्या कबुतरांची एक जोडी नबाबाने चोवीस हजार रुपयांना घेतल्याचे शरर सांगतात. या पशुशाळेतून निसटलेला वाघ हुगळी पोहून पलीकडच्या वनस्पती-उद्यानात शिरल्याची हकिकतही सांगितली जाते.

नबाबाच्या या छंदाची इंग्रज अंमलदारांनी पुष्कळ टवाळी केली. कर्ज काढून कबुतरे घेणारा राजा हा त्यांच्या दृष्टीने हसण्याचाच विषय होता. पण थोडा विचार केला तर असे दिसते, की ज्याच्या हातून माणसांवरचे राज्य गेले त्याने पशुपक्ष्यांचे राज्य मांडले, आणि त्या राज्यात पोटासाठी शेकडो माणसे नांदली. कबुतरबाज, माहुत, खाटीक, चारा वाहणारे, पिंजरे विणणारे असे कितीतरी लोक लखनौहून त्याच्यामागे आले होते. १८८७ साली नबाब वारला आणि सारा पसारा मोडला. प्राणी विकले गेले, महाल पाडले गेले. इतक्या प्राण्यांचा इतकी वर्षे प्रतिपाळ करणाऱ्या त्या चाकरांना त्यांच्या खाण्यापिण्याचे, दुखण्याखुपण्याचे केवढे ज्ञान असेल! ते कोणी लिहून घेतले नाही. जे उरले ते शररसारख्याच्या आठवणीपुरते.

याच काळात तिसरी बाग आकार घेत होती. कलकत्त्यासारख्या राजधानीत सार्वजनिक प्राणिसंग्रहालय असावे ही सूचना डॉक्टर जोसेफ फेरर यांनी १८६७ साली केली होती. १८७३ साली तिला पुन्हा चालना दिली ती तारखात्यातील कार्ल श्वेंडलर या जर्मन विद्युत-तज्ज्ञाने. त्याच्या स्वतःच्या संग्रहातील प्राणी हेच या बागेचे पहिले भांडवल. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी मनावर घेतले आणि आपल्या निवासस्थानासमोर, टॉलीच्या नाल्यावरील जिरत पुलाजवळची जमीन मिळवून दिली. त्यांचे निवासस्थान म्हणजे बेल्व्हेडिअर, जेथे आज राष्ट्रीय ग्रंथालय आहे. बागेच्या जागी त्यापूर्वी गरिबांची दाटीची वस्ती होती. लाटसाहेबाच्या दारासमोरची ती वस्ती हलली आणि तेथे बाग झाली. १ जानेवारी १८७६ रोजी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी ती सामान्य लोकांस खुली झाली. पुढे बराकपूरची पशुशाळा मोडून तेथील उरलेसुरले प्राणीही येथेच आणले गेले.

टेंपलसाहेबांचे नाव मराठी माणसाच्या कानांवर वेगळ्या कारणाने आलेले आहे. बागेच्या उद्घाटनास वर्ष होते न होते तोच दक्षिणेत १८७६-७८ चा दुष्काळ पेटला आणि सरकारने त्यांनाच त्याच्या बंदोबस्ताच्या पाहणीसाठी धाडले. खर्च आटोक्यात ठेवावा म्हणून त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला रतलभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इथपर्यंत खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला, मजुरांनी कामे सोडली. त्यानंतर लवकरच ते मुंबईचे गव्हर्नर झाले. लोकांच्या मनोरंजनासाठी बाग देणारा आणि लोकांच्या घासातील दाणे मोजणारा अधिकारी एकच होता. यात त्या गृहस्थाला ढोंगी ठरविण्याचे कारण नाही. बहुधा दोन्ही गोष्टी त्याने सारख्याच निष्ठेने केल्या असतील. मात्र ‘लोकांसाठी’ या शब्दाचा अर्थ सरकारदरबारी किती सोयीप्रमाणे बदलतो, याची नोंद प्रशासनाच्या इतिहासात राहावी इतके हे उदाहरण बोलके आहे. किडच्या बागेचा उगम दुष्काळाच्या भयात होता. टेंपलची बाग दुष्काळाच्या उंबरठ्यावर उघडली.

आता या कथेतील ज्या पुरुषासाठी मुख्यतः हा इतिहास सांगावासा वाटला त्याच्याकडे वळू. त्यांचे नाव रामब्रह्म सान्याल. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकत होते, पण दृष्टी अधू होऊ लागली आणि शिक्षण सोडणे भाग पडले. त्यांचे शिक्षक डॉक्टर जॉर्ज किंग हे त्या वेळी शिबपूरच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक असून अलीपूरच्या बागेच्या व्यवस्थापनातही त्यांचा हात होता. त्यांनी या तरुणाला १८७६ साली बागेत साध्या नोकरीवर लावून दिले. वय अठराच्या आसपास, शिक्षण अर्धवट, डोळे कमजोर. अशा माणसाकडून वरिष्ठांनी फार अपेक्षा केली असेल असे वाटत नाही.

रामब्रह्मबाबूंनी एक गोष्ट केली. त्यांनी प्रत्येक प्राण्याविषयी नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. काय खाल्ले, काय टाकले, ऊन-पावसाचा काय परिणाम झाला, माजावर केव्हा आला, पिलू केव्हा झाले, दुखणे कोणते झाले, औषध कोणते लागू पडले, मेल्यावर आत काय आढळले. सरकारी नोकरीत रोजनाम्याला आपण एक कंटाळवाणी सक्ती समजतो. येथे तोच रोजनामा एका शास्त्राचा पाया झाला. पुढे ते बागेचे अधीक्षक झाले आणि १८९२ साली त्यांनी आपल्या नोंदींवरून दक्षिण बंगालमधील पाळीव कोंडवाड्यांतील वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेविषयी इंग्रजीत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोनशेहून अधिक जातींचे सस्तन प्राणी आणि चारशेच्या आसपास जातींचे पक्षी यांचा संगोपन-विचार त्यात आहे. तोपर्यंत प्राणिसंग्रहालयांचे बहुतेक ज्ञान थंड देशांतील अनुभवावर बेतलेले होते. तेथे सारा खटाटोप प्राण्यांना ऊब देण्याचा. बंगालच्या दमट उष्म्यात, कुबट हवेत, संततधार पावसात वन्य पशू कसा जगवावा, हे प्रत्यक्ष अनुभवाने सांगणारा असा ग्रंथ पूर्वी झाला नव्हता. लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेने त्यांना आपले पत्रव्यवहारी सभासदत्व दिले. स्वामी विवेकानंद भगिनी निवेदितांसह एकदा ही बाग पाहावयास आले असता रामब्रह्मबाबूंशी त्यांची उत्क्रांतिवादावर चर्चा झाल्याचे वृत्त विवेकानंदांच्या साहित्यात आढळते. १९०८ साली रामब्रह्मबाबू वारले.

त्यांच्या कारकिर्दीतील एक घटना विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८८९ च्या जानेवारीत अलीपूरच्या बागेत सुमात्रा जातीच्या दोनशिंगी गेंड्याच्या मादीला पिलू झाले. हा गेंडा एकेकाळी आसामपासून चितगावच्या डोंगरांपर्यंत आढळत असे. त्या काळच्या प्रेक्षकांना हे पिलू म्हणजे आणखी एक गंमत वाटली असेल. तिचे महत्त्व कळावयास शंभर वर्षे जावी लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्राणी नष्ट होणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा तो कोंडवाड्यात वाढवून वाचविण्यासाठी चाळीसएक गेंडे रानातून धरण्यात आले. त्यांपैकी बरेच दगावले आणि वीण मात्र होईना. अमेरिकेतील सिन्सिनाटीच्या बागेत आणलेला नर तर वाळलेल्या गवतावर खंगत चालला होता. अखेरीस वड-पिंपळ-अंजीर यांच्या कुळातील झाडांचा ओला पाला खाऊ घातल्यावर तो सावरला. त्याच बागेत १३ सप्टेंबर २००१ रोजी पिलू जन्मास आले. अलीपूरच्या जन्मानंतर कोंडवाड्यात नीट जन्मून वाढलेले हे पहिले पिलू, म्हणजे मधे एकशे बारा वर्षे गेली होती. जे काम एकोणिसाव्या शतकात एका बंगाली अधीक्षकाच्या हाताखाली साधले, ते साऱ्या आधुनिक साधनांनिशी पुन्हा साधावयास एवढा काळ लागला. एखादे काम झाल्यानंतर ते चालू ठेवणारी परंपरा निर्माण न झाल्यास काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

या घटनेला दुसरी, अधिक विषादाची बाजू आहे. अलीपूरच्या बागेत लोक रांगा लावून गेंडा पाहत होते, त्याच दशकांत कलकत्त्यापासून थोड्याच अंतरावरील सुंदरबनात जावा जातीचा लहान एकशिंगी गेंडा संपत चालला होता. जंगल तोडून शेती वाढत होती, बंदुका वाढल्या होत्या. एकोणिसावे शतक सरता सरता तो तेथून नाहीसा झाला. आज ही जात जगात केवळ जावा बेटाच्या पश्चिम टोकास उरली आहे. तीच गत गुलाबी डोक्याच्या बदकाची. हिवाळ्यात कलकत्त्याच्या बाजारात ते विकावयास येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ते कोणास खात्रीने दिसलेले नाही. बागेत प्राणी दिसतो, तेव्हा रानातही तो असणारच असा पाहणाऱ्याचा समज होतो. पिंजऱ्यातील एका गेंड्याने रानातील गेंड्यांचे जाणे झाकून टाकले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रामब्रह्मबाबूंनंतर बाग चालली, गर्दी वाढली, पण नोंदींची ती धार पुढे सर्वकाळ टिकली असे दिसत नाही. नवल दाखविण्याचा मोह मधूनमधून डोके वर काढीतच राहिला. १९७० च्या दशकात येथे वाघ आणि सिंह यांचा संकर करण्यात आला. रुद्राणी नावाच्या संकरित मादीला सिंहापासून १९७९ साली तीन पिले झाली. त्यांतील कुबानाकान हे एकच मोठे झाले आणि त्याच्या प्रचंड देहाची वर्णने दूरवर पोहोचली. १९९१ साली ते मेले. लोकांनी त्याला पाहण्यासाठी गर्दी केली, पण रानात त्या प्राण्याला जागा नव्हती आणि त्याच्या जन्माने ना वाघाचे हित झाले ना सिंहाचे. पुढे असे प्रयोग थांबविण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने बागांनी कसे वागावे याचे दंडक घालून दिले. सुंदरबनात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. जो प्राणी दाखवावयाचा तो आधी वाचला पाहिजे, एवढे शहाणपण येण्यास शंभर वर्षे लागली.

या शतकभरात जो सर्वांचा साक्षी होता त्याचाही उल्लेख केला पाहिजे. अद्वैत नावाचे एक विशाल कासव या बागेत होते. हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटांच्या जातीचे हे कासव रॉबर्ट क्लाइव्हचे पाळीव होते आणि बराकपूरहून येथे आले, अशी पूर्वापार समजूत होती. मार्च २००६ मध्ये ते मेले. त्याचे वय अडीचशे वर्षे होते असे सांगत, पण ते सिद्ध करण्यास पुरावा नव्हता. ज्या कासवाने कंपनीचे राज्य, बादशाही अंमल आणि स्वराज्य पाहिले असे सारे शहर मानीत होते, त्याच्या येण्याची तारीखवार नोंद कोणी जपली नव्हती. दंतकथा राहिली आणि कागद गेला. रामब्रह्मबाबूंना ही गोष्ट खचित आवडली नसती.

१ जानेवारी २०२६ ला अलीपूरच्या बागेच्या उद्घाटनास दीडशे वर्षे होतात. नाताळच्या आणि नववर्षाच्या सुट्टीत तेथे जी अलोट गर्दी उसळते तीत खिदिरपूरच्या गोदीतील कामगाराची मुले असतात, मटियाबुर्जच्या शिंप्याचे कुटुंब असते, खेड्यापाड्यांतून रेल्वेने आलेली माणसे असतात. पेशव्याला, वेलस्लीला आणि वाजिद अली शाहला जे सुख मिळत होते ते आज थोड्या पैशांत या सर्वांना मिळते. लोकशाहीचा हा लाभ मी लहान मानीत नाही. ज्या मुलाने सुंदरबनाचा वाघ कधीच रानात पाहिला नसता, तो येथे त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो; त्यातून एखाद्याच्या मनात आयुष्यभराची जिज्ञासा जागी होऊ शकते. सभ्य माणसांनी प्राण्यांच्या बागेस नाके मुरडावीत, अशी एक रीत अलीकडे पडू लागली आहे. तिच्यात करुणा असली, तरी ताडोब्याच्या जीपगाडीचे भाडे ज्यांना परवडत नाही त्यांचा तीत विचार नसतो.

परंतु पाहण्याचा हक्क मिळाला म्हणजे पाहण्याचे कर्तव्य संपले असे नाही. या तीन बागांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे उरते. रॉक्सबर्गच्या चित्रकारांनी जे रेखाटले ते उरले. मटियाबुर्जच्या चाकरांना जे ठाऊक होते ते त्यांच्याबरोबर गेले. सान्यालबाबूंनी जे लिहिले ते आजही वाचता येते. पशुशाळेवर किती लाख उधळले आणि उद्घाटनास कोण राजपुत्र आला, या गोष्टींचा झाडाला वा प्राण्याला काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो रोजच्या रोज, कोणी पाहत नसताना, कमी पगाराच्या माणसाने केलेल्या नोंदीचा. आमच्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांनी तरी ही गोष्ट विसरू नये. आज कोणत्याही बागेत वा अभयारण्यात प्राण्याच्या सर्वांत निकट असतो तो त्याला खाऊ घालणारा रखवालदार आणि पहाटे पाऊलखुणा काढणारा वनरक्षक. तो काय पाहतो हे विचारले जाते का, विचारले तर लिहिले जाते का, आणि लिहिले तर ते पुढच्या माणसाच्या हाती पोहोचते का, यावर त्या बागेची आणि त्या अरण्याचीही योग्यता ठरावी.

आणि सुट्टीत वाघ पाहावयास जाणाऱ्या गृहस्थानेही एवढे करावयास हरकत नाही. मुलांना घेऊन जाताना खाऊच्या डब्याबरोबर एक वही न्यावी. पिंजऱ्यापुढे वा जंगलाच्या वाटेवर थोडे अधिक थांबावे. तेथल्या राखणदाराशी चार शब्द बोलावेत, आणि त्याचे नाव विचारून ते वहीत लिहून ठेवावे.